पान ११, ओळ ६

गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते, म्हणून हाताने करायची कामं मी गुरुवारवर ढकलते. परवाच्या गुरुवारचं काम होतं ५०० चिठ्ठ्या चिकटवायचं. बोटभर रुंदीची चिठ्ठी, तिच्यावर छापलेलं: ‘पान ११, ओळ ६ : "पुढाकार घेत राहणे बंधनकारक राहील" ऐवजी "पुढाकार घेत राहायला हवे" असे वाचावे.’ बाबा स्टीलची पट्टी दाबून कागद फाडत होते. कात्री ते वापरत नाहीत, सेंट्रल बिल्डिंगमधल्या सरकारी नोकरीची सवय. मी फेविस्टिक फिरवत होते.

झालं असं, की एका संस्थेला शिक्षकांसाठी हवामान कराराची सोप्या मराठीतली पुस्तिका हवी होती. माझं एरवीचं काम म्हणजे मिक्सरची वॉरंटी कार्डं, बँकांचे फॉर्म, औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रं. पॅरिस करार म्हटल्यावर जरा बरं वाटलं, शब्दाला दीड रुपया असूनही. मजकूर दिला, प्रूफ पाहिलं, सही करून परत पाठवलं. पुस्तिका छापून आली तेव्हा अकराव्या पानावर माझं ‘हवे’ गायब आणि तिथे ‘बंधनकारक राहील’. फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘अहो मॅडम, वाक्याला जोर येत नव्हता.’

आता हा जोर नेमका कुठे आला ते सांगते, म्हणजे मी कटकटी बाई नाही हे तरी पटेल. कराराच्या चौथ्या कलमाचा चौथा परिच्छेद. विकसित देशांनी कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचं उत्सर्जन थेट कमी करण्याची उद्दिष्टं ठेवून पुढाकार घेत राहायचं, एवढाच त्याचा आशय. १२ डिसेंबर २०१५, पॅरिसजवळचं ल बूर्जे, हवामान परिषदेचा शेवटचा दिवस. अंतिम मसुदा हातात पडला आणि अमेरिकेच्या लोकांनी वाचला, तर तिथे ‘शॅल’! आधीच्या मसुद्यांत ‘शुड’ होतं, म्हणजे नुसतं ‘करायला हवं’. ‘शॅल’ राहिलं तर ती कायदेशीर सक्ती ठरते, मग करार सिनेटपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहापुढे, मंजुरीला न्यावा लागतो, आणि सिनेट काय करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९९७ मध्ये क्योटोचा आधीचा हवामान करार व्हायच्या आधीच त्या सभागृहाने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावून ठेवलं होतं, की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार आम्हाला चालणार नाही. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन केरींनी सांगून टाकलं, हे आम्हाला जमणार नाही. सभा खोळंबली. शेवटी परिषदेच्या सचिवालयातल्या एका अधिकाऱ्याने व्यासपीठावरून किरकोळ दुरुस्त्यांची यादी वाचली, कुठे स्वल्पविराम, कुठे भाषांतरातली चूक, आणि त्याच दमात ‘शॅल’च्या जागी ‘शुड’. थोड्याच वेळात परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री फाबियस यांनी हिरवी हातोडी आपटली आणि जवळपास २०० देशांचा करार मंजूर झाला.

मुद्रणदोष म्हणून दुरुस्त झालेला तोच शब्द आमच्या पुण्यात जोर येण्यासाठी परत घुसला होता.

बाबांना हे सगळं सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. ‘तू सरळ "घ्यावा" का नाही लिहिलंस? विकसित देशांनी पुढाकार घ्यावा.’ मी तेच लिहिलं होतं, आधी. मग खोडलं. मराठीत ‘करावे’ हे भलतं लवचीक प्रकरण आहे. ‘अर्ज दोन प्रतींत करावा’ हा हुकूम असतो, एक प्रत नेली तर खिडकीवरून परत पाठवतात. ‘देवाने भलं करावं’ ही इच्छा. ‘एकदा घरी यावं’ हा आग्रह. कायद्याच्या मराठीत ‘शॅल’ला ‘करील’ म्हणतात, ते एक बरं आहे, पण ‘शुड’ला करायचं काय? ‘करावे’ म्हटलं तर सरकारी कागदं वाचण्यात हयात गेलेला माणूस त्याचा हुकूमच समजणार. बाबांनी यावर थोडा विचार केला. ‘आमच्याकडे "उचित कार्यवाही करावी" असं यायचं,’ ते म्हणाले. ‘त्यातल्या "करावी"कडे कोणी बघायचं नाही. "उचित" दिसलं की फाइल कपाटात.’

म्हणून ‘हवे’. सक्ती नाही, पण निव्वळ सदिच्छाही नाही.

हे एकदा नजरेत बसलं की करार वाचायची पद्धतच बदलते. त्याच कलमाचा दुसरा परिच्छेद बघा. तिथे ‘शॅल’ आहे, अगदी ठसठशीत: प्रत्येक देश आपलं राष्ट्रीय योगदान, म्हणजे उत्सर्जन रोखायला आपण काय करणार ते, तयार करील, कळवील आणि राखील. आणि पार पाडील? ते नाही. जे साध्य करण्याचा त्या देशाचा ‘मानस आहे’ असं योगदान, एवढंच. म्हणजे वही आणण्याची सक्ती, गृहपाठ करण्याची नाही. ‘योगदान’ हा शब्दही असाच घासूनपुसून आलेला. २०१३ मध्ये वॉर्साच्या हवामान परिषदेत ‘कमिटमेंट’ (बांधिलकी) जाऊन ‘काँट्रिब्यूशन’ आलं, आणि ते यावं म्हणून जोर लावणाऱ्यांत भारत आणि चीनही होते. दोष एकट्या अमेरिकेला देता येत नाही तो असा.

बाबांनी ‘योगदान’चं लगेच पेठेतल्या मराठीत भाषांतर केलं. ‘म्हणजे वर्गणी. पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहायचं, आकडा ज्याने त्याने सांगायचा, आणि नंतर यादी फळ्यावर लावायची.’ करारात फळाही आहे म्हणा, दर दोन वर्षांनी हिशेब जाहीर करायचा. पण वर्गणीची उपमा मला पुरती पटली नाही. गणपतीच्या वर्गणीत मागच्या दीडशे वर्षांत मांडव कोणी जाळला हा प्रश्न नसतो. आजही अमेरिकेतला एक माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि आपल्याकडचा सुमारे २ टन. जाळलेल्या मांडवाचा, म्हणजे आजवरच्या सगळ्या उत्सर्जनाचा हिशेब वेगळाच. त्यातून वर्गणीदाराला निघूनही जाता येतं. २०२० मध्ये अमेरिका बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडायच्या हुकमावर सही. दंड शून्य. आणि अकराव्या पानावर आमची पुस्तिका शिक्षकांना सांगणार, बंधनकारक! आठवीतलं एखादं चुणचुणीत पोर विचारणारच, मग ते गेले कसे?

ग्लासगोच्या हवामान परिषदेचं पान करताना मला तसा कमी त्रास झाला, कारण तिथे मराठी चलाखी करूच देत नाही. नोव्हेंबर २०२१, अगदी शेवटच्या घटकेला कोळशाबद्दलचं ‘फेज आउट’ भारताच्या आग्रहाने ‘फेज डाउन’ झालं. इंग्रजीत एक शेपूट बदललं. मराठीत ‘बंद करणे’चं ‘कमी करणे’ होतं, अख्खं क्रियापद बदलतं आणि लपवायला जागा राहत नाही. परिषदेचे अध्यक्ष, ब्रिटनचे आलोक शर्मांनी माफी मागितली, त्यांचा गळा दाटून आला. मला त्यांचं वाईट वाटलं. आपल्या शिष्टमंडळाचं म्हणणंही पटलं. नाव फक्त कोळशाचं, श्रीमंतांच्या तेला-वायूचं नाही, हे कसलं? सगळ्या जीवाश्म इंधनांपासून दूर सरकायचं, हे वाक्य यायला २०२३ ची दुबईची परिषद उजाडावी लागली.

आपल्या स्वतःच्या, भारताच्या पानावरही मी अशीच अडखळले. २०३० पर्यंत निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची, म्हणजे सूर्य, वारा, पाणी वगैरेंची, हे आपलं योगदान. ते जून २०२५ मध्येच, पाच वर्षं आधी गाठलं, आणि ही खरंच अभिमानाची गोष्ट आहे. पण शब्द ‘क्षमता’ आहे. ‘निर्मिती’ नाही. प्रत्यक्षात तयार होणारी बरीचशी वीज अजून कोळशाचीच. आमच्या गच्चीवरची पॅनलं दुपारी बारा वाजता रुबाबात असतात, रात्री आठला भाकरी भाजताना डोक्यावरचा पंखा कशावर फिरतो ते मला माहीत आहे. संस्थेने इथेही ‘निम्मी वीज’ करायचा प्रयत्न केला होता. तो मी प्रुफातच पकडला. अकरावं पान मात्र नंतर निसटलं.

मनातलं विचाराल तर मलाही ‘बंधनकारक’च आवडलं असतं. औद्योगिक युगाआधीच्या मानाने जगाचं सरासरी तापमान दीड अंशाहून जास्त वाढू नये अशी करारातली रेघ. २०२४ हे ती ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं, आणि त्याच जुलैत पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं होतं. माझी मावशी तिथे राहते. तिच्या फ्रिजवर चिखलाची रेघ होती, छातीइतकी उंच. त्या एका पुराचा हिशेब थेट पॅरिसला लावता येत नाही, त्यात धरणाचा विसर्ग आहे, नदीपात्रातली बांधकामं आहेत. पण फ्रिज पुसताना ‘पुढाकार घेत राहायला हवे’ हे वाक्य मला सोसलं नसतं एवढं नक्की. तरी चिठ्ठी मीच मागून घेतली, छपाईचा खर्च मात्र संस्थेला द्यायला लावला.

साडेतीनच्या सुमारास लाइट आली. पंखा सुरू झाला आणि फाडलेल्या चिठ्ठ्या हॉलभर उडाल्या. गोळा करता करता बाबांनी एक चष्म्याजवळ धरली.

‘"असे वाचावे" लिहिलंयस. हे "वाचावे" कुठलं? हुकूम की इच्छा?’

‘बाबा, फाडा तुम्ही.’

अजून १८० बाकी होत्या.