बघणे

किंग्ज गॅम्बिटचा (सुरुवातीलाच एक प्यादं देऊन हल्ला करायची बुद्धिबळातली जुनी पद्धत) एक डाव मी गेली अठरा वर्षं सांगलीत पोरांना शिकवतोय. स्पास्की विरुद्ध ब्रॉन्स्टीन, दोघंही सोव्हिएत ग्रँडमास्टर, लेनिनग्राड, १९६०, सोव्हिएत चॅम्पियनशिप, २३ खेळ्यांत खलास. झोपेत उठवून विचारलं तरी पटावर मांडेन. पण मागच्या रविवारी त्या डावानं माझीच विकेट काढली आणि ते अजून डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितोय.

सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात बुद्धिबळ शिकवतो म्हटल्यावर लोक आदरानं बघतात आणि पुढचा प्रश्न असतो, तीन महिन्यांत रेटिंग किती वाढेल? त्यामुळं हल्ली सगळीकडं ट्रॅप शिकवणं चालू आहे, दहा खेळ्यांत मात, पालक खूष. माझ्याकडं रविवारी मात्र जुना डाव असतो. डेमो बोर्ड भिंतीला टांगायचा (त्यातला काळा हत्ती २०१९ च्या पुरात गेला, तिथं बाटलीचं झाकण लावतो), मोक्याच्या जागी थांबायचं, आणि प्रत्येकानं पुढची खेळी चिठ्ठीवर लिहून द्यायची. नाव लिहायचं नाही असा नियम, पण अक्षरावरनं कळतंच.

या डावात थांबायची जागा १४ व्या खेळीनंतर. काळ्याचं प्यादं ई २ च्या घरात येऊन बसलंय आणि एफ १ च्या हत्तीला मारतंय. पांढऱ्यानं काय करायचं? निम्म्या चिठ्ठ्या दरवर्षी एकच असतात, हत्ती एफ २, म्हणजे हत्ती सरकवा. मी त्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतो आणि म्हणतो, ही भित्र्यांची खेळी. पोरं हसतात. मग स्पास्कीची खेळी दाखवतो, घोडा डी ६! हत्ती चाललाय, चालू दे. आता सी २ चा उंट आणि डी ३ चा वजीर दोघं एच ७ वर डोळा लावून बसलेत. ब्रॉन्स्टीन घाबरून घोडा एफ ८ ला घेतो, स्पास्कीचा घोडा एफ ७ वर पडतो, तो राजानं मारला तर दुसरा घोडा ई ५ वर दुहेरी शह देतो आणि मग वजीर एच ७ वर फुकट देऊन उंट आणि घोड्यानं मात. हे दाखवताना माझा आवाज चढतो असं बायको म्हणते. ब्रॉन्स्टीन काय साधा माणूस नव्हे, १९५१ ला जगज्जेतेपदाच्या सामन्यात बॉटव्हिनिकशी १२-१२ बरोबरी केलेला, आणि स्वतः किंग्ज गॅम्बिटचा शौकीन.

तर त्या दिवशी मी घोडा डी ६ वर लावला, टाळीची वाट बघत थांबलो, आणि मागनं तासगावची एक पोरगी, सहावीतली, बोलली, "सर, उंटानं घोडा मारला तर?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. वजीर एच ७ ला शह, संपला राजा.

"संपत नाही की सर. उंटानं मारल्यावर ई ७ मोकळं होतंय. राजा तिथनं पळतोय."

खरं तर इथं मी 'नंतर बघू' म्हणणार होतो, चहा आला होता, पण बाकीची पोरं बघत होती म्हणून म्हटलं ये पुढं, खेळ. ती आली. उंचीला डेमो बोर्ड पुरेना म्हणून स्टुलावर चढली. वजीर शह, राजा एफ ८. मी सी च्या प्याद्यानं उंट मारला, तिनं हत्ती मारून नवा वजीर केला, शहासकट, तो मी हत्तीनं मारला. तिनं शांतपणे सी ७ च्या प्याद्यानं डी ६ चं मारलं. मी एच ८ ला शह दिला, राजा ई ७. हत्ती ई १, शह. तिनं घोडा ई ५ मध्ये घातला. मी जी ७ चं प्यादं खाल्लं, मनात म्हटलं आता कुठं जातेस, आणि तिनं ते बाटलीचं झाकण उचलून जी ८ वर ठेवलं.

"वजीर हलवा सर."

हलवला, एच ६ चं प्यादं मारलं. तिनं आपला वजीर बी ६ वर आणला, माझं डी ४ चं प्यादं जाग्यावर बांधलं गेलं (हललं तर राजाला शह), राजा बाजूला घेण्यात एक खेळी गेली, तेवढ्यात तिचा उंट ई ६ वर. माझे शह संपले होते. ई ५ चा घोडा मिळत होता, पण तिच्याकडं हत्ती दोन आणि माझा एक. चहावर साय धरली.

रात्री जुनी वही काढली. १९९७ साली उसन्या पुस्तकातनं उतरवलेला डाव, पानाला पुराचा डाग. १५ व्या खेळीसमोर माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, 'उंट मारला तर? बघणे.' म्हणजे मला तेव्हा दिसलं होतं. बघितलं नाही. कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचं इंजिन लावलं, अर्ध्या मिनिटात कळलं की साधं हत्ती एफ २ केलं असतं तर पांढरा आरामात चांगला होता. भित्र्यांची खेळी.

दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, अहो हे सगळ्यांना माहितीय, नेटवर आहे. माहिती होतं तर तुम्ही घोडा डी ६ ला दोन उद्गारचिन्हं (अफलातून खेळीची खूण) का लावता, विचारलं, तर म्हणे पोरांना आवडतं. खरंय, मलाही आवडतं.

त्या चिठ्ठ्या मी टाकत नाही, बिस्किटाच्या डब्यात आहेत. हत्ती एफ २ वाल्या वेगळ्या काढल्या, एकोणचाळीस निघाल्या. एक अक्षर लगेच ओळखलं, आता पुण्यात नोकरीला असलेला पोरगा, त्यानं त्या वर्षीच खेळ सोडला होता. कारण दुसरंही असेल. दहावी होती.

पोरगी बुधवारी आली तेव्हा तिनंच विचारलं, मग एवढा मोठा ब्रॉन्स्टीन, त्यानं उंटानं का नाही मारला? मी म्हटलं तुला काय वाटतं. ती पटावर मोहरी लावत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याला वाटलं असंल, स्पास्कीनं बघितलंय म्हणजे बघितलंच असणार."

बाहेर तिच्या बाबांनी हॉर्न दिला. पाण्याची बाटली विसरून गेली, झाकण लावलेलं.