आमची वाटचाल : बेअरिंगच्या नंबरापासून लॉकरच्या कोडापर्यंत

आमचं गिऱ्हाईक कास्तकार कमी, गावातला मिस्त्री जास्त. ऑक्टोबरात सोयाबीन काढायच्या ऐन धांदलीत हडंब्याचं (मळणीयंत्राचं) बेअरिंग जातं, मिस्त्री खोलून बघेपर्यंत सांज होते आणि शहरातलं दुकान बंद झालेलं असतं. मजूर बसून, वर आभाळ भरून आलेलं. आमचा धंदा याच मधल्या वेळेचा : शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग मिस्त्रीपर्यंत पोचवायचे.

सुरुवातीला फोनवर ऑर्डर आणि एसटीनं पार्सल. पार्सल स्टँडवर पोचायचं, पण उतरवून घ्यायला माणूस अडकून पडायचा. म्हणून यवतमाळ–आर्णी–महागाव–उमरखेड रस्त्यावर कृषी केंद्रांच्या आणि पेट्रोल पंपांच्या आवारात लॉकर उभे केले. गाडी पहाटे निघून कप्पे भरत जाते. मिस्त्री सवडीनं येतो, कोड टाकतो, माल नेतो.

लॉकर दिसतो म्हणून लोकांना तेच भांडवल वाटतं. खरं काम त्याआधी, नंबर पक्का करण्यात. 6205 बेअरिंगचा आतला व्यास 25 मिमी, बाहेरचा 52, रुंदी 15. 6305 चाही आतला 25च, पण बाहेरचा 62 आणि रुंदी 17. शाफ्टवर चढतं, हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घरात, जात नाही. म्हणून ‘पंचवीसचं बेअरिंग द्या’ एवढ्यावर माल निघत नाही. ग्रीस पुसून नंबराचा फोटो पाठवायचा, नंबर झिजला असेल तर व्हर्निअरनं (मापपट्टीनं) तिन्ही मापं. तेल अडवणाऱ्या ऑइल सीलचीही मापं तीनच : शाफ्ट, हाउसिंग, जाडी. नवं सील टाकूनही तेल गळत असेल तर शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर दुसरं सील मागवून पैसे घालवू नका, शाफ्टचं बघा.

बी सेक्शनच्या बेल्टची वरची रुंदी 17 मिमी, पुढचा आकडा इंचातली लांबी. तीन बेल्टच्या पुलीवर एकच नवा चढवला की जुने दोन ढिले असल्यानं सगळा भार त्याच्यावर येतो आणि तोच आधी जातो. आम्ही सेटच देतो. मिस्त्री कुरकुरतात, कुरकुरू देत.

लॉकरचं कुलूप 12 व्होल्टच्या सोलेनॉइडवर, म्हणजे करंट दिला की बोल्ट ओढणाऱ्या कॉइलवर, चालतं. त्याला करंट सेकंदभरच द्यायचा. चालू राहिला की कॉइल जळते. कप्पा ठासून भरला तर माल दाराला आतून रेटतो, बोल्ट घट्ट अडकतो आणि कोड बरोबर असूनही दार उघडत नाही. रोटाव्हेटरची पाती खालच्या कप्प्यात. बेल्ट गुंडाळायचा, पण मोडायचा नाही, आतले दोरे तुटतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की पत्र्याची पेटी भट्टी होते, म्हणून तोंड उत्तरेला, वर वेगळं छप्पर आणि दोहोंमध्ये वारा खेळेल एवढी फट.

कोडसाठी एसएमएसवर विसंबणं पावसाळ्यात परवडत नाही. वीज गेली, टॉवर बंद, मिस्त्री लॉकरसमोर उभा. आता ऑर्डर पक्की होतानाच कोड देतो आणि लॉकर तो नेटवर्कशिवाय तारखेवरून पडताळतो. आत बॅटरी असतेच. फक्त आतलं घड्याळ मागेपुढे झालं की खरा कोडही नाकारला जातो, म्हणून माल भरणारा पोरगा दर खेपेला आधी वेळ जुळवतो.

जुलै ते सप्टेंबर फवारणी पंपांचा. ‘पंपाची मोटर गेली’ असा फोन आला की आम्ही आधी बॅटरी लोडवर, म्हणजे भार देऊन, तपासायला सांगतो. हंगाम संपल्यावर 12 व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी उतरलेलीच कोपऱ्यात पडून राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं. मग चार्जर ‘फुल’ दाखवतो आणि दोन-चार टाक्यांत पंप मंदावतो. मोटर विकली असती तर गल्ल्यात जास्त पडलं असतं, पण तीच मोटर पुढच्या गाडीनं परत आली असती.

न लागलेला माल पाकीट न फोडता त्याच कप्प्यात ठेवला तर परतीच्या गाडीत येतो आणि पैसे वळते होतात. कपॅसिटर आणि रिले मात्र परत घेत नाही. एकदा जोडून काढलेले आणि कोरे वरून सारखेच दिसतात.