अहवालात फक्त मांस

मासे मेल्याचा फोन आमच्या प्रयोगशाळेत पावसाच्या तोंडावर हमखास येतो. पहिला जोराचा पाऊस झाला की नाल्यांत साचलेलं सगळं नदीत उतरतं, आणि काठाला चिलापी पोट वर करून तरंगते. कारणही ठरलेलं असतं, ‘ऑक्सिजन कमी झाला.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं.

यंदा भीमाकाठच्या एका गावातून नमुने आले. पाणी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. किती वेळा सांगायचं! धातू तपासायचे तर बाटली आम्लाने धुतलेली हवी, आणि पाणी भरल्याबरोबर नायट्रिक आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली आणायला हवा. नाहीतर धातू बाटलीलाच चिकटतो आणि यंत्राला पाणी निर्मळ दिसतं. मासे मात्र मच्छीमार काकांनी बर्फात घालून आणले होते. बाटली भरणारा पदवीधर होता.

कल्ल्याचं झाकण उचललं, तर आत लाल रंग नाहीच. करडे कल्ले, त्यांवर चिकट पांढुरका थर. जस्त-तांब्याचा मारा झाला की कल्ले बुळबुळीत स्राव सोडतात, त्यांची नाजूक त्वचा सुजते, आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. एरवी आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम धातूला कल्ल्यांपाशी अडवतं. पावसाने पाणी हलकं झालं की तो राखणदार जागेवर नसतो. अर्थात नुसत्या कल्ल्यांवरून कुणी शपथ घेणार नाही.

म्हणून पाठीच्या कण्याखालची मूत्रपिंडाची काळपट पट्टी खरवडून काढली. त्यात कॅडमियम हे विषारी धातूतत्त्व निघालं. ते काही एका रात्रीच्या पुरात साचत नाही. म्हणजे हे मासे कितीतरी दिवस ते अंगात घेऊन पोहत होते. आमची ठरलेली चाचणी ९६ तासांची, विषाच्या किती मात्रेला निम्मे मासे मरतात ते बघायची. उरलेल्या निम्म्यांचं पुढे काय होतं, याला तक्त्यात रकाना नाही.

अहवालाच्या नमुन्यातही एकच रकाना, मांस. त्यातलं कॅडमियम मर्यादेत होतं. मूत्रपिंडाचा आकडा मी शेऱ्यात लिहिला. टंकलेखनात तो गळाला.

अहवाल न्यायला काका आले. “मॅडम, जी जित्ती हायती ती इकू का?”

“मोठ्यांची आतडी-काळीज काढून टाका. कण्याला चिकटलेलं काळं पण.”

“आन् बारकी? ती तर आख्खीच कालवणात जात्यात.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांना अहवालाची झेरॉक्स हवी होती, व्यापाऱ्याला दाखवायला. वरिष्ठ पलीकडून म्हणाले, “द्या की, मर्यादेतच आहे.”