३४ अंशांवर अडकलेला वर्ट

ह्यूस्टनला आल्यावर घरी बिअर करायची हौस फिटली, पण पहिल्याच खेपेला जीव मेटाकुटीला आला. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवणं, तासभर उकळणं, हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं) टाकणं सगळं बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते वर्ट, म्हणजे माल्टचं उकळलेलं गोड पाणी, गार करताना.

१९ लिटर वर्ट, त्यात २५ फुटी तांब्याची कॉइल, कॉइलमधून नळाचं पाणी. १०० वरून ५० अंशांवर दहा-बारा मिनिटांत आला. मग चाळिशीत रेंगाळला आणि ३४ वर जो थांबला तो हलेचना. मला २० हवे होते. ३४ अंशांत एल यीस्ट (एल प्रकारची बिअर आंबवणारं यीस्ट) टाकलं तर बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो, आणि तसाच ठेवला तर कोमट गोड वर्ट म्हणजे जंतूंना मेजवानी. नळ पूर्ण सोडला, थर्मामीटर बदलून पाहिला. पाऊण तास गेला, पाणी किती वाया गेलं त्याचा हिशोबच नाही. शेवटी थर्मामीटर नळाखाली धरला, तर २९! जुलैत इथे नळालाच कोमट पाणी येतं. त्या पाण्याने २० कसे गाठणार? दुकानात मला ५० फुटी कॉइल घ्या म्हणाले होते. घेतली असती तर ३४ वर जरा लवकर पोचून तिथेच अडकलो असतो. उन्हाळ्यात नळाला किती अंशांचं पाणी येतं, हे मात्र कुणी विचारलं नाही, याचा राग अजून जात नाही. रात्री उशिरा यीस्ट टाकलं. ती बिअर आंबली, सगळी ओतून दिली.

दुसऱ्या खेपेला कारंज्याचा छोटा पंप आणला. ४० अंशांपर्यंत नळाचं पाणी, त्यानंतर बर्फाच्या बादलीतलं पाणी पंपाने कॉइलमधून फिरवायचं आणि परत बादलीत सोडायचं. बर्फ आधी वापरू नका, उकळत्या वर्टपुढे तो बघता बघता संपतो. दहा पौंडांच्या दोन पिशव्या मला पुरल्या. वर्ट मात्र निर्जंतुक डावाने सतत हलवत राहा. नुसता सोडला तर कॉइललगतचाच गार होतो आणि बाकीचा तापलेलाच राहतो.

आणि हो, कॉइल शेवटची पंधरा मिनिटं उकळत्या वर्टमध्येच ठेवायची, म्हणजे ती निर्जंतुक होते. पिल्सनर नावाचा फिकट माल्ट असेल तर ८० अंशांच्या खाली पटकन उतरवा, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास राहतो. तेवढं काम नळाचं पाणी चोख करतं.

त्या दिवशी सत्ताविसाव्या मिनिटाला काटा १९ वर आला. कॉइलमधून सुरुवातीला आलेलं कढत पाणी बादलीत धरून ठेवलं होतं, त्यातच सगळी भांडी घासली.