तुम्ही विचारलंत म्हणून: नीती शिकवणारे तुम्ही कोण?

हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी विचारतात. कुणी कुतूहलानं म्हणतं, "देवाचा धाक नसता तर तुम्ही ख्रिस्ती लोक नीट वागला असतात का?" कुणी जरा चिडून, "समाजाला नीती शिकवायचा अधिकार तुमच्या चर्चला दिला कुणी?"

पहिल्याचं उत्तर सोपं, म्हणून आधी उरकतो. देव न मानणारा सचोटीनं वागूच शकत नाही, असं आमचं शास्त्रच म्हणत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल सांगतो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र, म्हणजे मोशेचा धर्मनियम, नाही, तेही त्यातल्या गोष्टी स्वभावतः करतात. तो नियम त्यांच्या काळजावर लिहिलेला असतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं याच धाग्यावर नैसर्गिक नियमाचा विचार उभा केला. माझ्या ओळखीतला सर्वांत सरळ माणूस पक्का नास्तिक आहे, आणि मला त्याचं कोडं पडत नाही. पडतं ते दर रविवारी चर्चला जाणाऱ्या काहींचं. त्यात मीही आलो.

दुसरा प्रश्न मात्र बोचतो, कारण त्यामागे इतिहास आहे. अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हा तिच्या बाजूनं चर्चमध्ये बायबलच वाचलं जाई. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावं, हे इफिसकरांस पत्रातलं वचन तर हमखास. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, या भांडणातून १८४५ मध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे दक्षिणेतल्या बाप्टिस्ट चर्चांची संघटना, वेगळी निघाली. गुलामगिरीच्या बाजूनं उभं राहिल्याबद्दल माफीचा ठराव तिनं केला १९९५ मध्ये. मधे दीडशे वर्षं गेली! उलट बाजूला क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते, ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स होता. ब्रिटनमध्ये १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला तो अशांच्या रेट्यानं. त्यांच्याही हातात पुस्तक तेच होतं. म्हणून 'बायबलमध्ये लिहिलंय' एवढं म्हणून कुणी वाद मिटवू लागला की मी सावध होतो.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र आठ गोऱ्या धर्मगुरूंना होतं. निदर्शनं अवेळी आहेत, दाद कोर्टात मागावी, असं त्यांचं म्हणणं. किंग यांनी जुन्या काळातला ख्रिस्ती संत ऑगस्टीन याचा आधार घेतला, की अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे. म्हणजे दोन्हीकडे धर्मगुरूच. मग वजन कुणाच्या शब्दाला द्यायचं?

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्र्यांवर आणि परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मशिक्षकांवर, तुटून पडतो. गंमत अशी, की ते शिकवतात ते खोटं आहे असं तो म्हणत नाही. ते सांगतात ते पाळा, म्हणतो. त्याचा राग वेगळाच आहे: ही माणसं जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर ठेवतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. किंग कोठडीत होते, ते आठ जण नव्हते. मी आता इतकंच बघतो, की बोलणाऱ्याच्या खांद्यावर काय आहे.

हे शहाणपण मला वाचून आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी आमच्या चर्चच्या कमिटीवर होतो. संडे स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्ग घेणाऱ्या बाईंचा घटस्फोट झाला होता. मुलांपुढे काय आदर्श राहील, असा मुद्दा निघाला. येशूचं घटस्फोटाबद्दलचं कडक वचन मला तोंडपाठ होतं. मी ते म्हणून दाखवलं. हात वर झाले, त्यात माझाही. बाईंनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. मग पुन्हा उचलली, तिला बांधलेला लोकरीचा गोंडा सोडवून घेतला, तो त्यांनी घरून आणलेला असावा, आणि नुसती किल्ली ठेवून गेल्या. पुढचा विषय होता दोन वर्षं न तपासलेला जमाखर्च. तो पुढच्या बैठकीवर ढकलला. त्यावर कुणाला वचन आठवलं नाही.

याचा अर्थ चर्चनं गप्प बसावं असा मी लावत नाही. मजुरी, तुरुंग, युद्ध, मरणाच्या दारातल्या माणसाची शुश्रूषा, या सगळ्यांवर बोलावंच. फक्त हातात दंडुका नको. धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती करू नये, हे कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ मध्ये, स्वच्छ लिहून ठेवलं. उशीर झाला, पण लिहिलं. आपली बाजू मांडावी, कारणं द्यावीत, आणि समोरच्याला न पटल्यास तेही सोसावं. पटवण्यापेक्षा हे सोसणं अवघड जातं, असा माझा अनुभव आहे.

त्या बाईंची माफी मागायला मला तीन वर्षं लागली. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो. पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांनी विचारलं, "लहानांचा वर्ग आता कोण घेतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "मोठ्यांबरोबरच बसवतात."