मांडुळाला खरंच दोन तोंडं असतात का?

सोलापूरच्या आसपास कुठंही सापांविषयी बोलायला उभा राहिलो, नान्नज असो की मोहोळ, पहिला प्रश्न हाच येतो: "मांडूळ सहा महिने या तोंडानं चालतं आणि सहा महिने त्या तोंडानं, खरं का हो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

तोंड एकच. दुसऱ्या टोकाला शेपटी आहे, पण ती निमुळती होत नाही, जवळपास डोक्याएवढीच जाड आणि बोथट राहते. धोका वाटला की मांडूळ वेटोळं करून डोकं अंगाखाली दडवतं आणि शेपटी वर काढून हलवतं. शिकारी तिच्यावर तुटून पडला तर जखम शेपटीला होते, जीव वाचतो. रानातल्या मांडुळांच्या शेपटीवर जुने व्रण दिसतात ते यामुळेच. गारुडी तर शेपटीला इजा करून तिला तोंडाचा आकार आणायचे. त्या क्रूर खेळानंच ही समजूत पक्की झाली असावी, असं मला वाटतं.

डोकं ओळखायचं तर डोळे शोधा. अगदी बारीक असतात, बाहुली उभी. नाकाड पाचरीसारखं पुढं आलेलं आणि खालचा जबडा त्याच्या आत, त्यामुळे माती उकरताना तोंडात जात नाही. आणि हा बिनपायाचा प्राणी असला, तरी शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्या असतात. नरात त्या जास्त ठळक. पूर्वजांच्या मागच्या पायांची तेवढीच खूण उरली आहे. मांडूळ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं.

सीना-भीमेच्या काठची रेताड जमीन, भुसभुशीत रान, उंदरांची बिळं ही त्याची घरं. दिवसा मातीखाली, रात्री शिकारीला. विष अजिबात नाही. उंदराला विळखा घालून मारतं. ज्वारी हुरड्यात आली की उंदीर कणसं तोडून बिळात नेतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. घुबड त्यांना वरून टिपतं. मांडूळ थेट बिळात शिरतं. माझ्या मते आपल्या रानात त्याचं खरं मोल हेच.

बाजारातलं मोल निव्वळ भूलथाप. गुप्तधन दाखवतं, पैशांचा पाऊस पाडतं, असं सांगून लाखा-कोटींचे आकडे फेकले जातात. त्या नादात शेतकऱ्याची पोरं पोलिसांत अडकतात आणि पोत्यात कोंबलेली मांडुळं मरतात. याचा मला फार राग येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे.

नांगरताना निघालं तर औत थांबवा, ते आपणच मातीत शिरेल. विहिरीत पडलेलं किंवा जखमी दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि कुणी विकत घ्यायला मांडुळाचं वजन विचारत आला, तर त्याला बांधावरूनच परत पाठवा.