आमची वाटचाल : फोटोशॉपचं व्हर्जन बदलायचं ते पितृपक्षात

आमचा फोटो स्टुडिओ बार्शीत. बाबांनी सुरू केला तेव्हा रोलचा जमाना होता, ३६ फोटोंचा एक रोल, ब्लॅक अँड व्हाइट घरीच धुवायचो आणि कलरचे रोल एस्टीनं सोलापूरला लॅबला जायचे. लोक बाबांना फोटोग्राफर म्हणून ओळखायचे पण त्यांची खरी कमाल रिटचिंगमध्ये होती. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड, आणि पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून बारीक बारीक ठिपके देत बसायचं. सुरकुती प्रिंटमध्ये काळी दिसते म्हणजे निगेटिव्हवर ती जागा रिकामी असते, ती पेन्सिलीनं भरली की सुरकुती गेली. हे काम त्यांच्याकडून शिकले ते आमचे मामा. सख्खे मामा नाहीत, स्टुडिओत सगळेच त्यांना मामा म्हणतात, गिऱ्हाईकं पण. पुढची सगळी गोष्ट त्यांना वगळून सांगताच येणार नाही.

२००३ ला कॉम्प्युटर आला, त्यात फोटोशॉप ७. सीडी कुठून यायच्या ते त्या काळात कोणी कोणाला विचारायचं नाही, असो. त्या व्हर्जनला हीलिंग ब्रश पहिल्यांदा आला होता, अल्ट दाबून चांगल्या कातडीवर क्लिक करायचं आणि मग डागावर ब्रश फिरवायचा, डाग गायब आणि आजूबाजूचा उजेड-सावली जशीच्या तशी. मामांनी ते बघितलं आणि म्हणाले ही तर आपली पेन्सिलच आहे की, फक्त टोक काढायला लागत नाही. बास, त्या दिवसापासून माउस त्यांच्या हातात. बाबा मात्र शेवटपर्यंत स्क्रीनपासून लांबच बसले.

मग फोटोशॉपचं सीएस३ व्हर्जन आलं, करिझ्मा अल्बम आले, आणि धंद्याचं सगळं गणितच बदललं. आधी फोटो चिकटवून अल्बम व्हायचा, आता पान डिझाइन करायला लागलं, १२ बाय ३६ इंचाचं एक पान, ३०० डीपीआयला, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल, नुसता एक सपाट लेअर, म्हणजे थर, सुमारे ११० एमबीचा, आणि डिझाइनमध्ये लेअर वीस-पंचवीस तरी असणारच. आमची मशीन ३२ बिटची, कितीही रॅम घाला ती चार जीबीच्या आतच वापरणार, त्यामुळे सेव्ह दाबायचं आणि चहाला जायचं असा प्रकार. वर अधूनमधून स्क्रॅच डिस्क फुल, म्हणजे रॅम संपल्यावर फोटोशॉप हार्ड डिस्कवरची जी जागा वापरतं ती पण संपलेली. तरी आम्ही त्याच सीएस३ वर दहा वर्षांच्या वर काढली कारण काम होत होतं, आणि चालत्या कामात हात घालू नये ही बाबांची शिकवण.

बदलायला लागलं ते २०१९ ला. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये बंद होणार हे जाहीर झालेलं होतं, मशीन पण थकली होती, आणि तोपर्यंत फोटोशॉप विकत मिळायचं बंद होऊन भाड्यानं मिळायला लागलं होतं, २०१३ पासूनच. महिन्याला पैसे भरा नाहीतर वापरू नका. हे मला आजही पटत नाही, आमचा धंदा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि आषाढ लागला की झोपतो, पण भाडं काही चातुर्मासात थांबत नाही. ते जाऊ दे. नवीन मशीन घेतल्या, १६ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०, आणि त्यावर फोटोशॉपचं सीसी २०१९ व्हर्जन.

आता मुद्द्याचं, कधी टाकायचं. आमच्याकडं याला एकच उत्तर, पितृपक्ष. लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही, कोणी नवीन काही काढत नाही, स्टुडिओत माणूस फिरकत नाही, आणि एखादी गोष्ट बिघडली तर निस्तरायला पंधरवडा मिळतो. फोटोशॉपचं मोठं व्हर्जन साधारण ऑक्टोबरच्या सुमारास येतं म्हणजे नेमकं आमचं दसरा-दिवाळी, मागोमाग लगीनसराई, तेव्हा आम्ही त्याला हात पण लावत नाही. पुढच्या भाद्रपदापर्यंत त्याचे बारीकसारीक अपडेट येऊन गेलेले असतात आणि जगभरच्या लोकांनी त्रास भोगून झालेला असतो, मग आपण आरामात घ्यायचं. नवीन मशीनवर खरेदीचा मुहूर्त बघणारे आमच्यात पण आहेत, आई म्हणाली पितरांत कशाला आणतोय, तर मशीन आधी गणपतीतच आणून ठेवल्या आणि सॉफ्टवेअर नंतर टाकलं. सॉफ्टवेअर दिसत नाही त्यामुळे ते चालतं.

पण पितृपक्षात एक काम मात्र हमखास येतं, जुने फोटो. घरात श्राद्ध असतं, भिंतीवरचा आजोबांचा फोटो खाली काढतात, बघतात तर बुरशी लागलेली, काचेला चिकटलेला, मग घेऊन येतात, साफ करून मोठा करून द्या म्हणून. म्हणजे नवीन व्हर्जन तपासून बघायला पहिलं काम तेच. आणि पहिल्याच दिवशी मामांचा हात अडला तो कंट्रोल झेडवर.

जुन्या फोटोशॉपमध्ये कंट्रोल झेड एकदा दाबलं की शेवटचा स्ट्रोक जायचा आणि परत दाबलं की परत यायचा. मागं मागं जायचं तर कंट्रोल अल्ट झेड. मामांची सवय अशी की हीलिंगचा एक हात मारला की झेड-झेड करून आधी आणि नंतर बघायचं, कातडी सपाट तर झाली नाही ना, मगच पुढं. सीसी २०१९ मध्ये कंट्रोल झेड हेच मागं मागं जाणारं केलं, बाकी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असतं तसं. आता मामा झेड-झेड करतायत आणि डाग गेलेला परत येतोय, आणखी एक परत येतोय, ते परत काढतात, परत झेड-झेड. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले अरे हे उलटं चालतंय, मी गाल साफ करतोय आणि हे घाण करतंय.

दुसरा प्रकार शिफ्टचा. फोटो लहानमोठा करताना प्रमाण बिघडू नये म्हणून शिफ्ट दाबून ठेवायचं, ही सवय बोटांत इतकी मुरलेली की डावी करंगळी आपोआप तिथं जाते. नवीन व्हर्जनमध्ये प्रमाण आपोआप राखलं जातं आणि शिफ्ट दाबलं की बिघडतं. म्हणजे बरोबर उलट. पहिल्या ट्रायलच्या पानावर नवरदेव चांगला आडवा झालेला, फेटा परातीएवढा. ज्यांनी जुनी बुलेट चालवलीय त्यांना कळेल, तिला गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, आणि मग एकदम नवीन गाडीवर बसा, डोक्याला सगळं माहीत असतं पण पाय ऐकत नाही.

दोन्हीवर उपाय आहे, सेटिंगमध्ये जुनं वळण परत आणता येतं. एडिटमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स उघडा, तिथं लेगसी अनडू शॉर्टकट्सवर टिक, आणि प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म. मी स्वतः शिफ्टचं नवीन वळण घेतलं, ते खरंच बरं आहे. मामांच्या मशीनवर दोन्ही टिक केल्या. वयाच्या साठीला माणसाच्या बोटांशी कशाला भांडायचं.

इन्स्टॉल करताना एक गोष्ट मात्र कोणीही लक्षात ठेवावी, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुनी व्हर्जन काढून टाका अशी टिक आधीच केलेली असते, ती काढायची. जुनं व्हर्जन शेजारी राहू द्यायचं, जे अल्बम अर्धे झालेत ते जुन्यातच पुरे करायचे. आणि आपले ॲक्शन, म्हणजे एकदा नोंदवून ठेवलेली आणि बटन दाबलं की आपोआप होणारी कामं, आणि ब्रश आधी वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करून पेनड्राइव्हवर घ्यायचे. आमचा पासपोर्टचा ॲक्शन, ३५ बाय ४५ मिलिमीटर कापून, बारीक काळी बॉर्डर मारून, ४ बाय ६ च्या कागदावर आठ फोटो मांडणारा, तो गेला तर शाळा उघडायच्या टायमाला आमचं दुकान बंद पडल्यात जमा. प्लगइन, म्हणजे फोटोशॉपला बाहेरून जोडायचे छोटे प्रोग्राम, मात्र असे उचलून नेता येत नाहीत, अल्बमच्या टेम्प्लेटचं एक प्लगइन होतं त्याचा विकणारा म्हणाला नवीन व्हर्जनला नवीन लायसन्स लागेल. नाही घेतलं, त्याच्यावाचून काही अडलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मराठीनं. आमच्याकडं टेम्प्लेटचा ढीग, शुभविवाह, सप्तपदी, हळद, वऱ्हाडी मंडळी, सगळं जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे कोड आणि वर मराठीचा मुखवटा. नवीन मशीनवर फाइल उघडली की फॉन्ट मिसिंग, आणि चुकून दुसरा फॉन्ट बसवला की सप्तपदीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा राडा. फॉन्ट कॉपी करून टाकले तर दिसायला लागले, पण टाइप करायचं जे जुनं पॅकेज होतं ते डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीवर, चालायचं आणि ते विंडोज १० वर काही केल्या उठेना.

म्हटलं मग युनिकोडच घेऊ, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा कोड, मोबाइलवर असतो तसा. घेतलं, टाइप केलं, आणि पहिलाच शब्द मोडला. लग्नाच्या अल्बममध्ये पहिला शब्द काय, चि. आणि खाली चि. सौ. कां. ती पहिली वेलांटीच च च्या मागं जाऊन बसली, जोडाक्षरांचे पाय मोडून हलंत दिसायला लागले, आणि वऱ्हाडी मधल्या ऱ्ह चं तर बघायलाच नको. नावं चुकलेला अल्बम म्हणजे गिऱ्हाईक आयुष्यभर विसरत नाही. शोधल्यावर कळलं की त्या व्हर्जनच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर टेक्स्ट इंजिन म्हणून पर्याय होता, तिथं मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडायचं, फोटोशॉप बंद करून परत चालू करायचं, आणि पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड रेडी कंपोझर लावायचा. एवढं केलं आणि वेलांटी मुकाट्यानं आपल्या जागेवर. हे सगळं आत मिळायचं आणि बाहेर कुणी सांगायचं नाही, आमच्या भागातले किती डिझायनर अजून मराठी दुसरीकडं टाइप करून चित्र म्हणून चिकटवतात.

युनिकोडचा फायदा असा झाला की गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पाहुण्यांची नावं पाठवतं ती तशीच कॉपी-पेस्ट होतात, टायपिंगच्या चुका निम्म्यानं कमी. फॉन्टही चांगले आणि फुकट मिळाले, मुंबईच्या एकटाइपचे मुक्ता, बलू, आणि गणपतीच्या बॅनरला तो जाडजूड मोदक. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना एवढं आधी बघून घ्यायचं, कारण गिऱ्हाईकाला फॉन्टचं नाव माहीत नसतं पण हे हिंदीसारखं दिसतंय हे त्याला बरोबर कळतं. जुनी टेम्प्लेट नव्यात बदलायचं काम लॉकडाऊनमध्ये झालं, त्या उन्हाळ्यात दुसरं होतं तरी काय.

त्यानंतरचे बदल आम्हाला एवढे जड गेले नाहीत. २०२१ ला सेव्ह ॲजमधून लेअरवाल्या फाइलचं जेपीजी गायब झालं आणि सेव्ह अ कॉपीमध्ये गेलं, त्यावर काउंटरवरच्या मुलीनं पंधरा मिनिटांत जुनं सेटिंग शोधून काढलं, फाइल हँडलिंगमध्ये असतं. ही मुलगी मोबाइलवर एडिटिंग शिकून आलेली, तिला जुनं काय होतं हेच माहीत नाही त्यामुळे तिला काहीच अडत नाही.

२०२३ ची भानगड मात्र वेगळी, जनरेटिव्ह फिल. उभा फोटो १२ बाय ३६ च्या आडव्या पानावर बसवायचा तर बाजूची जागा भरायला आधी मी पडदे, फुलं, गोल्डन टेक्स्चर काय काय चिकटवायचो, आता सिलेक्ट करून बटन दाबलं की मंडप पुढं वाढतो. छान आहे. पण तेव्हा ते एका वेळी १०२४ पिक्सेलपर्यंतच खरं काम करायचं, त्यामुळे १०८०० पिक्सेलच्या पानावर भरलेला भाग प्रिंटमध्ये मऊ दिसायचा. म्हणून आम्ही तुकड्या-तुकड्यानं भरून वरून थोडा ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे, टाकायचो. इंटरनेट लागतं हे वेगळंच, लाइट गेली की मंडप अर्धा.

चेहऱ्याला मात्र ते लावायचं नाही, हा स्टुडिओचा नियम, आणि तो मामांनी घातलाय. एका पितृपक्षात एक जण पणजोबांचा फोटो घेऊन आले, बोटभर चेहरा, त्यावर मध्यभागी घडी पडलेली. मुलीनं न्यूरल फिल्टरमधलं, म्हणजे एआयनं आपोआप काम करणारं, फोटो रिस्टोरेशन लावलं, वर रंग भरणारं कलराइज. दोन मिनिटांत माणूस ताजातवाना, कातडी झकास, डोळ्यांत चमक. घरच्या आजीबाईंना दाखवलं, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे कोण? फेटा पण लाल आला होता, त्यांचा पांढरा असायचा. मग मामांनी मूळ स्कॅन घेतलं, ६०० डीपीआयचं, आणि हीलिंग ब्रशनं फक्त घडी काढली, बुरशीचे ठिपके काढले, मिशीला हात लावला नाही, एक डोळा थोडा बारीक होता तो तसाच ठेवला. आजीबाई फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेल्या, फ्रेम घरचीच होती.

हल्ली मुलगी आणि मामा एकाच कामावर असतात, बॅकग्राउंड तिचं आणि चेहरा त्यांचा, आणि दर तसाच लावतो, चेहऱ्याचं काम जास्त. अडचण एकच, दोघांच्या मशीनवर कंट्रोल झेड वेगळं. मामा जेवायला गेले की ती त्यांच्या जागेवर बसते, सवयीनं झेड दाबत राहते, स्ट्रोक जातो-येतो, जातो-येतो, आणि आतून ओरडते, मामा, हे तुमचं मागं का जात नाही हो!